माळकरी वडील आणि बिअरची बाग

आई-बाबा बर्लिनला आले त्या दिवशी टॅक्सीतून उतरता उतरता बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "खालचा तो गुत्ता बंद झाला वाटतं?"

व्हिडिओ कॉलवर बोलत मी घरात शिरायचे तेव्हा तो माझ्या मागे दिसायचा. तपकिरी लाकडी दार, काचेवर पिवळट पडदे, दारात सिगारेट ओढत उभे असलेले दोन-तीन म्हातारे. सहा वर्षांत बाबांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, पण लक्ष होतं. "हो, झाला बंद," म्हटलं. चेहरा खुलला त्यांचा. मग बॅगा उतरवून झाल्या आणि त्यांनी नवी पाटी वाचली. गुत्त्याच्या जागी वाइन बार आलाय.

बाबा माळकरी. बार्शीजवळच्या गावात झेडपीच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं, सोबत पाच एकर शेती केली. माझ्या लहानपणी एसटीचा थांबा एका 'परमिट रूम'च्या पाटीखाली होता, तर हे आम्हाला घेऊन पुढच्या थांब्यापर्यंत चालत जायचे. असा माणूस ऐन उन्हाळ्यात नव्वद दिवस माझ्याकडे राहायला आलेला. आणि माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बाल्कनी नाही. ३३-३४ अंशांचे दिवस आले की भिंती रात्रभर गरम राहतात. एसी इथं घरांत नसतातच. त्यामुळे जून आला की अख्खं शहर बाहेर बसतं, उजेडही साडेनऊपर्यंत असतो. आता सावली, बसायला बाक, काहीतरी थंड प्यायला आणि आईच्या गुडघ्यांना झेपेल इतक्या अंतरावर संडास, एवढं सगळं एका ठिकाणी हवं असेल तर इथं उत्तर एकच: बिअर गार्डन.

मी नॉयक्योल्नमध्ये राहते. हे पूर्वी बर्लिनबाहेरचं वेगळं गाव होतं, रिक्सडोर्फ नावाचं. नाचगाणं आणि दारू यांसाठी ते इतकं बदनाम झालं की १९१२ साली गावाने नावच बदलून घेतलं. १९२० मध्ये ते बर्लिनमध्ये सामील झालं. नाव बदलून वळण बदलत नाही हे आपल्याकडेही ठाऊक आहे. त्याही आधी, १७३७ मध्ये, धर्मासाठी देश सोडून आलेल्या बोहेमियातल्या लोकांना इथं जमिनी मिळाल्या होत्या. म्हणजे परक्यांनी इथं येऊन राहणं तुर्की, अरब किंवा आमच्यासारख्या लॅपटॉपवाल्यांपासून सुरू झालेलं नाही. आज झोननआले रस्त्यावरून चाललात तर शंभर पावलं अरबी पाट्या, मग तुर्की न्हावी, मग व्हिएतनामी नखंवाली आणि मध्येच साडेचार युरोला एक कॉफी विकणारं पांढऱ्या भिंतींचं दुकान. हे शेवटचं आमच्यासाठी.

बाबांना बिअर गार्डन म्हणजे काय हे समजावणं सोपं नव्हतं. आपल्याकडे 'गार्डन' म्हटलं की सोलापूर रोडवरचं ते: झाडांना लाल-हिरवे बल्ब, प्रत्येक टेबलाभोवती हिरवं कापड आणि 'फॅमिली रूम'चा बाण. सगळा जोर कोण बसलंय ते दिसू नये यावर. इथलं बरोब्बर उलटं. लांबच लांब बाक, अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लावून बसायचं आणि तिथं पोरं, कुत्री, आज्या सगळे.

शिक्षकाला इतिहास सांगितला की तो अर्धा विरघळतो, म्हणून मी म्युनिकपासून सुरुवात केली. बव्हेरियात आगीच्या भीतीने उन्हाळ्यात बिअर बनवायला बंदी होती, त्यामुळे वसंतात बनवलेली बिअर तळघरांत साठवायचे. तळघर गार राहावं म्हणून वर चेस्टनटची झाडं लावायचे. आणि सावली आहे, खाली बिअर आहे म्हटल्यावर लोक वरच बसायला लागले. खाणावळवाल्यांनी तक्रार केली, तेव्हा १८१२ मध्ये राजाने तोड काढली: बिअर विका, पण पावाखेरीज खायला काही विकायचं नाही. लोक घरून खाणं आणायला लागले. आजही तिकडच्या बिअर गार्डनमध्ये आपलं खाणं नेता येतं, १९९९ च्या सरकारी नियमासोबतच्या खुलाशात ती बिअर गार्डनची ओळखच मानली आहे.

"म्हणजे डबा चालतो," बाबा म्हणाले. पहिल्यांदाच आवाजात रस.

चालतो, पण बव्हेरियात. बर्लिनमध्ये ते मालकाच्या मर्जीवर. हे मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं आणि पहिल्याच ठिकाणी तोंडावर पडले. कालव्याजवळची जागा, नाव घेत नाही. सुंदर आहे, लोकांनी फोटो टाकून टाकून प्रसिद्ध केली आहे. आईने पिशवीतून कडक भाकरी काढली, शेंगाचटणीची पुडी सोडली आणि वेटर आला. तिशीचा, नम्र, इंग्रजीतच बोलणारा. बाहेरचं खाणं इथं चालत नाही म्हणाला. त्याच्या मेनूत सतरा युरोंचं 'फ्लॅटब्रेड' होतं. आईने भाकरी मुकाट्याने पिशवीत ठेवली. बाबा म्हणाले, "चला." अर्धवट प्यालेला सफरचंदाचा सोडा तसाच टाकून निघालो. त्या दिवशी घरी कुणी फार बोललं नाही.

तेव्हापासून माझी कसोटी पक्की झाली. बिअर कशी आहे हे मी बघतच नाही, ती या देशात सहसा बरीच असते. भाकरी उघडली तर कुणी हटकतं का? तासभर एकाच ग्लासावर बसलं तर कुणी डोळे वटारतं का? डोक्यावर खरं झाड आहे का, की कंपनीने फुकट दिलेल्या छत्र्या? आणि शेजारच्या बाकावर फक्त माझ्यासारखेच लोक आहेत का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं की मी उठते.

किंडलच्या आवारात बाबा स्वतःहून गेले, कारण मी त्यांना म्युझियम म्हणाले होते. खोटं नव्हतं. बर्लिनर किंडल ही इथली जुनी बिअर, १८७२ पासूनची. नॉयक्योल्नच्या या कारखान्यात २००५ मध्ये बिअर बनणं थांबलं आणि आता विटांच्या त्या प्रचंड इमारतीत समकालीन कलेचं केंद्र आहे. जुने तांब्याचे हंडे मात्र जागच्या जागी. सहा हंडे, एकेक आपल्या खोलीएवढा. बाबा त्यांच्याभोवती फिरले, बोटाच्या पेराने एकावर टकटक केली. "एवढं तांबं," म्हणाले, "घासत कोण असेल?" बाहेरच्या अंगणात बसलो. कलेबद्दल त्यांचं मत इथं देत नाही.

हाझेनहायडे पार्कात त्यांना गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. १८११ मध्ये जर्मनीतली पहिली उघड्यावरची व्यायामशाळा इथं सुरू झाली, हे ऐकून त्यांनी मला आखाड्यांवर एक व्याख्यान दिलं. पार्काच्या मधोमध हाझेनशेंके नावाची १९५०च्या दशकातली टपरीवजा जागा आहे, झाडांखाली टेबलं टाकलेली. खिडकीशी जायचं, पैसे द्यायचे, आपलं आपण घेऊन यायचं. शेजारी एक तुर्की कुटुंब थर्मासातून चहा ओतून घेत होतं, पलीकडे दोघं बुद्धिबळ खेळत होते. भाकरी निघाली. कुणी बघितलंही नाही.

आणि पार्काच्या कडेला, हाझेनहायडे रस्त्यावर, गणपतीचं देऊळ. लोकांच्या देणग्यांवर वर्षानुवर्षं चिकाटीने उभं राहिलेलं, दाक्षिणात्य पद्धतीचं उंच गोपुर. त्याला लागून जी संगीत कार्यक्रमांची मोठी वास्तू आहे तिथं एकोणिसाव्या शतकात बर्लिनमधलं एक अवाढव्य बिअर गार्डन होतं. मी हे जरा भीतभीतच सांगितलं. बाबांनी गोपुराकडे पाहून हात जोडले आणि म्हणाले, "बाप्पाला सवय आहे. आपल्या मंडपाशेजारी काय काय चालतं."

प्यायचं काय, हा प्रश्न मात्र रोज. आप्फेलशोर्ले, म्हणजे सफरचंदाचा रस आणि सोडा, हे ठरलेलं. पण रोज रोज तेच कोण पिणार? बिनअल्कोहोल बिअरचं नाव काढताच बाबांनी मला बाटलीवरचं सगळं वाचायला लावलं. जर्मनीत अर्धा टक्क्यापर्यंत अल्कोहोल असलं तरी 'बिनअल्कोहोल' लिहिता येतं, हे कळल्यावर विषय संपला. मग फासब्राउझ सापडलं. हे बर्लिनचंच पेय, फळांचा अर्क आणि माल्ट, पिंपातून बिअरसारखं ओततात, फेसही येतो, अल्कोहोल नाही. बाबांनी ग्लास नाकाशी धरला, दूर केला, पुन्हा धरला. दोन चमचे आईने आधी पिऊन बघितलं, पूर्वी राजाचं अन्न कुणीतरी आधी चाखायचं तसं. "उसाच्या रसाच्या गाडीवर जुना चरक घासून ठेवला तर असा वास येईल," असा तिचा निकाल. दोघांनाही आवडलं. पण फोटो काढताना बाबा ग्लास चौकटीबाहेर सरकवायचे. भजनी मंडळाच्या ग्रुपवर फेसाचा खुलासा कोण करत बसणार?

त्यांना मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे फांट. ग्लासमागे एक-दोन युरो अनामत घेतात, ग्लास परत केला की पैसे परत. बाबांनी हे खातं स्वतःकडे घेतलं. आमचे ग्लास रिकामे झाले रे झाले की उठायचे, खिडकीशी रांगेत उभे राहायचे आणि नाणी मोजून आणायचे. टेम्पलहोफर फेल्डवर मात्र त्याच फांटची दुसरी बाजू दिसली. हा जुना विमानतळ, २००८ मध्ये बंद झाला, २०१० पासून लोकांसाठी खुला. तीनशे हेक्टरांहून मोठं रान, धावपट्टीवर सायकली आणि पतंग. इथं घरं बांधायचा बेत लोकांनी २०१४ मध्ये मतदान करून हाणून पाडला. कोलंबियाडाम रस्त्याच्या बाजूला कुंपणाच्या आत बिअर गार्डन आहे. त्याच रस्त्यावर थोडं पुढे शेहितलिक मशीद, दोन मिनार. आम्ही बसलो होतो तिथं सत्तरीच्या आसपासच्या एक बाई ढकलगाडी घेऊन कचऱ्याच्या डब्यात हात घालत होत्या. बिअरच्या काचेच्या बाटलीला आठ सेंट मिळतात, एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीला आणि कॅनला पंचवीस. "इथंही?" बाबांनी विचारलं. हो, इथंही. समजूतदार लोक बाटली डब्यात न टाकता बाजूला उभी करून ठेवतात. त्यानंतर आमच्या पाण्याच्या बाटल्या बाबा तशाच ठेवायला लागले, ओळीत, शाळेतल्या पोरांसारख्या.

विमानतळ बंद होणं हीच आमच्या वस्तीच्या भाववाढीची सुरुवात. डोक्यावरून विमानं जायची तोवर शिलरकीत्स भागात कुणाला राहायचं नव्हतं. आवाज थांबला, समोर मैदान आलं आणि आम्ही आलो. माझ्या वरच्या मजल्यावर एक तुर्की मावशी चाळीसहून जास्त वर्षं राहतात. त्यांचं घर माझ्याएवढंच आणि भाडं माझ्या निम्म्याहून कमी. जुन्या करारात भाडं कायद्याने फार वाढवता येत नाही, त्यामुळे जुनं माणूस घर सोडत नाही. सुटलं की नवा करार, नवा आकडा आणि तो परवडणारी माझ्यासारखी कुणीतरी. दुकानांना आणि गुत्त्यांना तर ते संरक्षणही नाही. करार संपला की मालक म्हणेल ते.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते. क्लाइनगार्टन म्हणजे रेल्वेच्या रुळांकडेला, कालव्याकाठी असलेल्या छोट्या छोट्या बागांच्या वसाहती. एकेक वाफा जास्तीत जास्त चारशे चौरस मीटर, त्यात चोवीस चौरस मीटरांपर्यंतची खोपटी, कायम राहायला बंदी. नॉयक्योल्नच्या दक्षिणेला अशा वसाहती खूप. यांतल्या बऱ्याच ठिकाणी मधोमध मंडळाचं घर असतं, फेराइन्सहाइम, आणि त्याला जोडून एक साधं बिअर गार्डन. बाहेरच्यांनाही मुभा असते, पण बाहेरच्यांना ते माहीत नसतं. मलाही नव्हतं. ठेच लागलेल्या आईला बसायला जागा हवी म्हणून एका फाटकातून आत शिरलो, इतकंच.

आत पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, एक अक्रोडाचं झाड, पाटीवर खडूने लिहिलेलं बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज. कार्ड चालत नाही. ग्लासावर गांधीलमाशा येऊ नयेत म्हणून प्रत्येकाने पुठ्ठ्याची चकती झाकण म्हणून ठेवलेली. आईने भाकरी काढण्याआधी मी विचारायला गेले तर काउंटरवरच्या बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की यात विचारायचं काय. एक प्लेट आणून दिली वर.

बाबा तोवर गायब. कुंपणापलीकडच्या वाफ्यात वाकून काहीतरी बघत होते. तिथं एक तुर्की गृहस्थ घेवड्याला काठ्या बांधत होते. बाबांना जर्मन येत नाही, त्यांना मराठी येत नाही, इंग्रजी दोघांनाही जेमतेम. दहा मिनिटांनी मी गेले तर बाबा आत होते, चपला बाहेर, हातात सुतळी, आणि त्या गृहस्थांना खुणेने सांगत होते की गाठ वर नाही, खाली मारा. मी दुभाषी झाले. नियम असा की वाफ्याच्या किमान तिसऱ्या हिश्श्यात भाजी-फळं लावलीच पाहिजेत. नुसती हिरवळ करून खुर्च्या टाकाल तर मंडळाचं पत्र येतं. हे ऐकून बाबा इतके खूश झाले की त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. "कायद्यानं?" "हो, कायद्यानं." बिअर गार्डनमधला 'गार्डन' त्यांना अखेर सापडला होता.

मी परत टेबलाशी आले तेव्हा शेजारच्या खुर्चीतले आजोबा माझ्याकडे टक लावून बघत होते. मग म्हणाले, "तिसरा मजला. निळी सायकल." मला क्षणभर कळेना. नंतर तपकिरी दार आठवलं. आमच्या घराखालच्या गुत्त्यातले आजोबा. दारात उभे असायचे ते. त्यांच्यासोबतचे आणखी दोघं पलीकडे पत्ते खेळत होते. करार संपला, मालकाने नवं भाडं सांगितलं, मालकीणबाईंनी किल्ल्या देऊन टाकल्या, असं ते तक्रारीचा सूरही न लावता सांगत होते. वाफा त्यांच्या बहिणीचा आहे, म्हणून आता इकडे येतात. दोन बस बदलून.

"तुम्ही कधी आत आला नाहीत," ते म्हणाले.

सहा वर्षांत एकदाही नाही. त्यांना न सांगितलेली गोष्ट ही की दुसऱ्या वर्षी मी घरमालकाला एक मेल लिहिला होता. खालच्या बारमधून सिगारेटचा धूर जिन्यात येतो, कृपया दखल घ्यावी. जर्मन चुकू नये म्हणून ऑफिसमधल्या मैत्रिणीकडून तपासून घेतला होता. त्या एका मेलमुळे गुत्ता गेला असं नाही, भाड्याच्या आकड्यासमोर माझ्या मेलची काय किंमत. पण गेला तेव्हा मला बरं वाटलं होतं. टॅक्सीतून उतरताना बाबांना वाटलं तसंच, पाचेक मिनिटं. नंतर वाइन बारमध्ये मी चार वेळा गेले. त्यांच्याकडे तिसऱ्या मजल्यावरच्यांना सवलत आहे.

मी आजोबांसाठी बिअर आणली. त्यांनी माझ्या ग्लासाला ग्लास लावला, नियमाप्रमाणे डोळ्यांत बघून. मी पुठ्ठ्याची चकती फिरवत बसले. त्यांनी आईची शेंगाचटणी चाखली, डोळ्यांत पाणी आलं, तरी आणखी मागितली.

त्यानंतर आठवड्यातून दोनदा आम्ही तिथंच. ऑगस्टात चेस्टनटची पानं एका किड्याने तपकिरी पडतात आणि शहरातली मोठी गार्डनं भकास दिसायला लागतात. अक्रोडाला त्याचं काही नाही.

एक प्रसंग मात्र आषाढीच्या आधीचा, जुलैतला. बाबांची यंदाची वारी चुकली होती. ते बोलून दाखवत नव्हते, पण रोज सकाळी दिंडी कुठं पोचली असेल याचा हिशोब चालायचा. त्या संध्याकाळी घेवड्याच्या वाफ्यातून हात धुऊन येऊन बसले, समोर फासब्राउझ, आणि दिंडीतल्या एका जोडीदाराचा फोन आला. कुर्डुवाडीला मुक्काम होता. मागे टाळ ऐकू येत होते. बाबांनी स्पीकर लावला.

"मास्तर, कुठं आहात?"

"बागेत बसलोय," बाबा म्हणाले. "इथं भाजी लावायचा कायदा आहे."

"अहो, पूर्ण सांगा की," आई टेबलापलीकडून ओरडली. "बिअरच्या बागेत!"

टाळ तेवढे वाजत राहिले. पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही, कारण बाबांनी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला होता. ते बराच वेळ नुसतं हं, हं म्हणत होते. मग फोन ठेवला, तीन रिकामे ग्लास एकात एक अडकवले, आजोबांचाही उचलला आणि फांट आणायला खिडकीकडे गेले.